अधिक-उणे

लाल मातीचं बेट आहे हे.
ओहोटीला किनारा गंजक्या पत्र्यासारखा उघडा पडतो
आणि बटाट्याच्या सऱ्या थेट समुद्राच्या कडेपर्यंत जातात.
प्रिन्स एडवर्ड बेट, मे महिना. माझ्या गाडीत
बर्फाची पेटी, बेचाळीस बाटल्या,
आणि थंडीत न उमटणारा एक मार्कर.

एदमे गालांची विहीर साठ फूट.
स्वयंपाकघरातला नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा,
मग बाटली भरायची, काठोकाठ.
ती ओट्याला टेकून बघते.
"दिसतं तर स्वच्छ."
दिसतंच. वास नाही, चव नाही.

बाराव्या दिवशी प्रयोगशाळेचा कागद:
अकरा पूर्णांक चार. मर्यादा दहा.
तिचा नातू अजून दोन महिन्यांचा नाही.
मी फोनवर सांगते, बाळाच्या दुधाला हे पाणी नको.
उकळूनही नको; उकळलं की आटतं पाणी, ते नाही.
पलीकडून बराच वेळ
नुसता नळ ठिबकल्याचा आवाज.

मग नकाशा.
बेचाळीस ठिपके, आणि मधे शेतं, चर्च, दफनभूमी,
शाळेचं मैदान, जिथे कुणी कधी भोक पाडलेलं नाही.
संगणक ती मधली जागा
शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत भरून काढतो,
जवळच्याचं जास्त ऐकतो, लांबच्याचं कमी.
गावगप्पांचाही हाच नियम.
पिवळा, नारिंगी, वायव्येला एक लाल डाग.
डागाच्या कडेला मी पेन्सिलने लिहिते: इथलं मला माहीत नाही.
साहेब खोडायला लावतात.
नकाशावर असं लिहीत नाहीत.

सभा चर्चच्या तळघरात. कॉफी, बिस्किटं.
उर्बेन पोआरिये उभा राहतो, त्याचे बटाटे चारशे एकर.
"म्हणजे मी."
कुणी तसं म्हटलेलं नसतं,
पण दोन आठवडे झाले, सगळे
एकमेकांना पाण्यात बघताहेत.
मी सांगते, आज नळाला येतंय ते
साधारण अठरा वर्षांपूर्वी पडलेलं पाणी.
तुमचे वडील होते तेव्हा. भाव बरा होता,
खताचं पोतं फाटलं तर कुणी गोळा करत नव्हतं.
तो बसत नाही. बोलतही नाही.
मग विचारतो, "आणि मी यंदा टाकलं ते?"
मी मनात बेरीज करते.
मागच्या बाकावर त्याचा धाकटा
दुधात बिस्कीट बुडवतोय.

सप्टेंबरात त्याच्याच बांधाखाली, झऱ्याच्या अलीकडे
खंदक खणला. नव्वद पावलं लांब, दोन पुरुष खोल.
लाकडाचा भुसा आणि ढलप्या, वीस ट्रक,
पाण्याच्या वाटेत पुरल्या आणि वर लाल माती लोटली.
एवढंच. यंत्र नाही, वीज नाही.
खाली जिथे हवा संपते
तिथे भुशावर जगणारे जीव
श्वास म्हणून नायट्रेट ओढतात
आणि साधा नायट्रोजन सोडून देतात,
जो कुठल्याशा कारखान्यात हवेतूनच पकडून
पोत्यात कोंबून बोटीने इथे आणला होता.
घरी जातो तो. कुणाला दिसत नाही.
उर्बेन रोज सकाळी तिथे जाऊन उभा राहतो, असं ऐकलं.

पुढचा मे.
झऱ्याचा आकडा दोनवर आलाय.
एदमेची विहीर मात्र खंदकाच्या वरच्या अंगाला,
तिला त्याचा काही उपयोग नाही, हे तिला
मीच सांगितलं होतं. नातू आता
ओट्याला धरून चालतो.
"यंदा किती?"
दहा पूर्णांक नऊ, अधिक-उणे सात दशांश.
"म्हणजे कमी झालं?"
असेल.
"आणि ते अधिक-उणे?"
म्हणजे एवढं आम्ही चुकलेलो असू शकतो.

ती माझं पेन मागून घेते,
भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिहिते
आणि पुढे ते चिन्हही, सावकाश,
जमिनीच्या रेघेवर उभा केलेला
एक छोटासा क्रूस.
मग कॅनमधलं पाणी किटलीत ओतते.