पान एकशे बारापर्यंत

वाशीच्या मार्केटात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यात
वजनकाट्याचा एक पाय आखूड होता.
वेलजीशेठनी त्याखाली टेकू म्हणून सरकवलेलं पुस्तक
काटा बदलला त्या दिवशी बाबांनी घरी आणलं,
कांद्याच्या टरफलांसकट.
"घे. तुला वाचायची खोड आहे ना."

मुखपृष्ठ नव्हतं. नाव कळायला मार्ग नव्हता.
मागची पानं कुणीतरी लसणाच्या पुड्यांना नेलेली.
एकशे बारावर वाक्य अर्धंच:
"त्या दिवशी सकाळी मी दुकानाचं कुलूप काढलं आणि"

पुढचं लसणाबरोबर गेलं.

एका घड्याळजीनं लिहिलेली स्वतःचीच हकिगत.
नवव्या वर्षी तापात कान गेले.
टिकटिक ऐकू न येणाऱ्याला कोण शिकवणार घड्याळं?
तो घड्याळ पुढच्या दातांना लावायचा.
चालू असलं तर कवटीत कळायचं.

शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासाला
लोखंडेबाई थोरांच्या गोष्टी सांगायच्या.
सगळे रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकून मोठे झालेले.
आमच्या कोपरखैरण्याच्या माथाडी चाळीत
रस्त्याचा दिवा थेट खिडकीतून अंथरुणावर यायचा,
रात्रभर पिवळा, फुकट.
तरी मला दहावीला गणितात बत्तीस.

निकालाच्या रात्री बाबा काही बोलले नाहीत.
पाठीला तेल लावून पालथे पडून राहिले.
मी चाळिसावं पान काढलं.
गिऱ्हाइकाच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग हरवलीय
आणि हा माणूस तीन दिवस
लोहचुंबक घेऊन फरशीवर रांगतोय.
जिद्द वगैरे शब्द कुठेच नाही.
लिहिलंय: "गुडघे दुखले. फरशी गार होती."

ऑक्टोबरला बसले. एकोणतीस.
मार्चला बसले. एक्केचाळीस.
पेढे आईनं वाटले नाहीत, फक्त शेजारी सांगून आली,
तेही पाणी भरता भरता.

आता तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहे.
बाहेर मे महिना, आत सफरचंदं आणि मी, दोघंही स्वेटरमध्ये.
कॉम्प्रेसर कुरकुरला की
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातांत धरते,
टोक यंत्राला टेकवते.
बेअरिंग गेलं असेल तर आधी दाढेला कळतं.
सुरुवातीला पोरं हसली.
मग तांडेल फोरमननी विचारलं, "कुठं शिकलीस गं हे?"
म्हटलं, वाचलं होतं.

गेल्या दिवाळीत नेरुळच्या वाचनालयात
कुणीतरी दान दिलेल्या गठ्ठ्यात ते सापडलं. अख्खं.
मुखपृष्ठावर त्याचा फोटो.
इतके मोठे कान असतील असं वाटलं नव्हतं.
उभ्या उभ्या मागून चाळलं.
सत्कार, शाल, श्रीफळ, कुठल्याशा मंडळाचं मानपत्र,
चाळीस पानं, आणि त्यात
एकही घड्याळ बंद पडत नाही.

मग धीर करून एकशे तेरा उघडलं.
कुलूप काढलं आणि
"झाडू घेतला."

एवढंच.
बारा वर्षं त्या "आणि"च्या पुढं
मी काय काय ठेवून पाहिलं होतं.
पुस्तक होतं तिथं ठेवलं. कार्डावर नोंदवलंही नाही.

या महिन्यात नाझनीन आलीय, दिघ्याहून, आयटीआयची,
एकदा नापास, नखं खाते, मोठ्यानं बोललं की दचकते.
शुक्रवारी तिला माझी प्रत दिली, कांद्याचा वास असलेली.
चांगलं आहे की नाही, काही सांगितलं नाही.

सोमवारी आली ती डोळे चोळत.
"दीदी, पुढची पानं?"
मी गेजवरचा आकडा लिहून घेत होते, लिहीत राहिले.
ती थोडा वेळ उभी राहिली.
मग तिनं खिळ्यावरचे हातमोजे काढले,
माझ्या खिशातला स्क्रू-ड्रायव्हर न विचारता घेतला
आणि