न्युतसाठी, दोन पिल्लांसोबत

वही नाही आणलीस? मग त्या पुठ्ठ्यावर लिही,
नाहीतर नुसतं ऐक.

पहिलं वर्ष दर सात दिवसांनी.
उबवणीवाले कोंबडीची नर पिल्लं टोपलीने विकतात,
स्वस्त पडतात. पण भातातला उंदीर जास्त अंगाला लागतो.
घास किती जाड? अजगर जिथं सर्वात जाड, तितकाच.
नजरेवर जाऊ नकोस. सुतळी घे, माप.
दीड मीटर भरला की दहा दिवसांनी, तीन मीटरला पंधरा,
पुढे महिना,
आणि त्याच्याही पुढे तो काय म्हणेल ते.

डोळे पांढरे झाले तर तू आपले पांढरे करू नकोस.
कात टाकायच्या आधी होतात, दुधाळ, निळसर,
माझ्या आईचे शेवटी झाले होते तसे.
त्या आठवड्यात काही घालायचं नाही.
ज्याला दिसत नाही त्याला प्रत्येक हात उंदीरच वाटतो.

खाल्ल्यावर पाच दिवस शिवायचंही नाही.
कान थोच्या कॉलेजातली एक मुलगी आली होती, चष्मा, गमबूट,
म्हणाली, मावशी, गिळल्यावर दोन दिवसांत
याचं हृदय जवळपास दीडपट होतं,
पचलं की परत होतं तेवढं.
आमचा साउ हसला. म्हणाला, म्हणजे काळीज मोठं व्हायला
आधी पोट भरावं लागतं, हे यालाही चुकलं नाही.

तू विचारशील, एक नंबरचा पिंजरा कुठाय?
आपण थोरल्यालाही दोन म्हणूनच हाक मारतो ना,
एक रिकामा ठेवायचा,
भुताखेतांची नजर तिथंच अडकावी म्हणून.
पिंजऱ्यांनाही मी तेच केलं. दोन ते एकोणीस.
तरी नजर चारवर पडली.
भुताची कशाला, साउचीच.
तेतच्या आत चाळीस किलो, असा त्याचा हिशेब.
दर तिसऱ्या दिवशी बदक, मधे ससा,
सण जवळ आला तसा रोज रात्री टॉर्च घेऊन बघायचा.
चार नंबर वाढला. वाढला म्हणजे काय,
डोकं होतं तेवढंच, माझ्या मुठीएवढं,
आणि मागे ओलं पोतं.
पाण्याच्या टाकीपर्यंत जाताना दोनदा थांबायचा.
तेतला अकरा दिवस होते. सकाळी पाहिलं तर
बदक अख्खंच्या अख्खं बाहेर, पिसं चिकटलेली,
आणि शेजारी चार नंबर, पोट वर करून.
साउ काही बोलला नाही.
वजन मात्र केलं. अडतीस.

नऊ नंबरला आम्ही शेवटी घालायचो, उरेल ते.
कधी उरायचंच नाही.
ती आज पंधरा वर्षांची आहे, यंदा एक्केचाळीस अंडी.
त्यातली दोन तुझ्या पोत्यात आहेत.

भाव पडला त्या वर्षी दलालाची होडी आलीच नाही.
कायापुटीची फुलं येऊन गळून गेली, खोईचा पत्ता नाही.
मी सगळ्यांच्या तारखा ओढून लांब केल्या,
पंधराचे तीस, तीसचे साठ.
अजगर कुरकुरत नाही. वेटोळं थोडं सैल होतं, इतकंच.
पोटाला चिमटा घ्यावा तर त्यानं.
माणसाला नाही जमत.
साउ बिन्ह युओंगला गेला, बुटांच्या कारखान्याच्या फाटकावर बसतो.
आता त्याचे पैसे महिन्यातून एकदा.
पाच तारखेला. कधी नऊ.
ते पण मी याच वहीत लिहिते, मागच्या पानांवर,
आणि कधी चुकून पुढच्या.

आणखी काय?
पाणी रोज बदलायचं. उपाशी असला तरी.
उपाशी असला तर जास्तच.
किलोचा भाव सारखा विचारत बसू नकोस, त्यानं हात सैल सुटतो.
आणि नाव ठेवू नकोस,
थोमने एकाला ठेवलं होतं, ते विकताना
ती दोन दिवस गच्चीवरून खाली आली नाही.

पोतं उन्हात ठेवू नकोस. आणि नीघ आता,
ओहोटी लागली की होडी कालव्यात रुतेल,
मग मला तुलाही जेवायला घालावं लागेल.