पुढचा दोर

बारा बैल, सहा जोखडं
आणि सगळ्यांच्या पुढे मी.
चामड्याचा दोर खांद्यावर. वय अकरा की बारा,
कोणी मोजलं नव्हतं.
चाबूक सेइत्लामोच्या हातात.
मागे कापडी छताखाली मोरुती हॉवेल्स,
मांडीवर वही.

त्या वहीत त्यानं जे जे ‘प्रथम पाहिले’ म्हणून लिहिलं
ते माझ्या अनवाणी पायांनी आधीच तुडवलेलं होतं :
मोलोपोचं कोरडं पात्र,
सिंहाची ओली विष्ठा,
ती टेकडी, जिला त्यानं आपल्या मावशीचं नाव दिलं.
टेकडीला नाव होतं.
विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तरी माणूस वाईट नव्हता.
हे मी दोन्ही बाजूंना सांगत आलोय
आणि दोन्ही बाजू माझ्यावर नाराज आहेत.
ज्वारीची आंबील तो नाक न मुरडता प्यायचा.
जोखडानं मान सोलवटली की
चरबी स्वतः लावायचा,
आणि फात्श्वाशी, त्या काळ्याबांड्या बैलाशी,
जे बोलायचा
ते आमच्याशी कधीच बोलला नाही.

खोत्ल्यात उभा राहायचा, टोपी काखेत.
बोलणं त्याच्या डचमधून सेइत्लामोच्या तोंडात,
तिथून आमच्या कानांत,
वाटेत थोडं सांडत.
‘पाप’ याला तुमच्यात शब्द काय, त्यानं विचारलं होतं.
सेइत्लामो रात्रभर विस्तव उकरत बसला,
सकाळी म्हणाला : मोलाटो. देणं.
फेडायची राहिलेली गाय.

झालं. त्या दिवशी मोरुती गरजला,
‘तुमचं देणं एकानं फेडलंय,
तुम्ही जन्मायच्या आधी!’
सभा गप्प.
म्हातारा खोसिएमांग गुडघे धरत उठला :
‘गाय कुठल्या रंगाची होती?
आणि साक्षीला कोण होतं?’
कोणी हसलं नाही. प्रश्न रास्त होता.
मोरुतीनं तो वहीत उतरवून घेतला,
खाली उत्तरापुरती जागा सोडून.

मग उत्तरेला, मोपानेच्या रानात,
त्याला ताप भरला.
सेइत्लामो पाण्याच्या शोधात गेलेला.
गाडीखाली तो, त्याच्या उशाशी मी,
आणि अंधारात रवंथ करणारे बारा जबडे.
तिसऱ्या रात्री तो बोलायला लागला.
डच नव्हे. इंग्रजीही नव्हे,
तिच्यातल्या शिव्या मला ओळखू यायच्या.
आमची तर नव्हेच.
घशात गोटे घोळवल्यासारखी कुठलीशी भाषा,
आणि तिच्यात तो कोणाला तारत नव्हता,
काही शिकवत नव्हता,
नुसता हट्ट करत होता.
हट्ट कुठल्याही भाषेत कळतो.
मी म्हणालो, हो. हो.
दुसरं काय म्हणणार?
त्यानं माझं मनगट धरलं,
कुठल्याशा बाईचं समजून.

उजाडल्यावर मी विचारलं,
रात्री कोण बोलत होतं?
बराच वेळ तो चाकाकडे बघत राहिला.
मग आमच्या भाषेत, अडखळत, दुभाष्याशिवाय :
‘माझ्या आईची ती.
शाळेत तोंडून निघाली
की मास्तर गळ्यात लाकडाची फळी अडकवायचे.’

फात्श्वा पलीकडे उभा होता,
मानेवर तो जुना घट्टा.
मी तिकडे पाहिलं नाही असं नाही.

पाणी आलं, ताप उतरला, आम्ही निघालो.
त्या दिवशी तो गाडीत बसला नाही.
माझ्या बाजूनं चालला,
जड बूट, पाय लटपटत.
रुतलेला काटा काढला, विचारलं, याला काय म्हणता?
मी सांगितलं.
लिहिलं नाही त्यानं. तोंडातच घोळवत राहिला,
चुकत, पुन्हा म्हणत, पुन्हा चुकत,
मैलभर.

मग थकला. वर चढून बसला,
वही उघडली.
मी पुढे होतो. काय लिहिलं, दिसलं नाही.