भद्द

वालदेवीवरच्या जुन्या पुलाखाली
सकाळी सातला शिडी लागली.
कचरू गांगुर्डे म्हणाले,
मॅडम, आधी ऐका. फोटो मग.

हातोडी सरकत गेली गर्डरच्या पोटावरून
टण्. टण्. टण्.
आणि एके ठिकाणी भद्द,
खालून सुटलेल्या फरशीसारखं.
पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच.

वहीत रकाने आहेत:
तडा, त्याची रुंदी मिलिमीटरात,
उघडी सळई, पाझर, चुन्याचे पांढरे ओघळ.
आवाजाला रकाना नाही.
मी शेऱ्यात लिहिलं, भद्द.
ऑफिसात हसतील. हसू देत.

"इथंच ठोकलं होतं मी चौऱ्याण्णवला,
तेव्हा खणखणीत होतं,"
म्हणत त्यांनी दांड्यानं स्वतःचा गुडघा वाजवून पाहिला.

बेअरिंगच्या फटीत वीतभर पिंपळ.
उपटला मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून
डब्याच्या पिशवीत.
"आमच्या शाळेमागं लावतो. नऊ जगलेत.
पुलाला नको, पण त्याचा काय गुन्हा?"

वरून द्राक्षांचे क्रेट भरलेला आयशर गेला.
सांध्यातून बारीक माती
माझ्या हेल्मेटवर, वहीवर, भद्दवर.
ड्रायव्हरचं गाणं थोडं ऐकू आलं,
मग तेही पिंपळगावकडे गेलं.

मी खडूनं गोल काढला.
पावसात जाईल, म्हणाले,
आणि निविदा पावसानंतर.
लाल ऑइलपेंटचा डबा उघडून
त्यांनी तोच गोल पुन्हा गिरवला,
शेजारी आजची तारीख,
आणि तिच्याखाली
पुढच्या तारखेपुरती जागा मोकळी.

जुलैत ते निवृत्त होतायत.