बासष्ट घसे

बांबोळीच्या ग्रंथालयात पंखा तीनवर ठेवला तर कागद उडतात,
दोनवर ठेवला तर आपण शिजतो.
म्हणून दोनवर.

प्रश्न एवढाच:
मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी
दुखरा घसा लवकर बरा होतो का.
त्यावर अभ्यास झाले. अभ्यासांचे आढावे झाले.
आता मी आढाव्यांचा आढावा घेते आहे,
म्हणजे कोणी किती घागरी उचलल्या ते मोजते आहे
खाडीत पाय न भिजवता.

इव्होन रिबेलो पलीकडच्या खोलीत.
तिच्याकडे तीच यादी, तेच निकष.
याद्या जुळवेपर्यंत त्यावर बोलायचं नाही,
हा नियम आम्हीच लिहिलेला, आधी, तारीख घालून,
उत्तर दिसल्यावर प्रश्न बदलायचा मोह होऊ नये म्हणून.
जेवणाच्या सुट्टीत आम्ही फक्त बांगड्याच्या भावावर बोलतो.
तिचं हो आणि माझं नाही, असं निघालं की
कुंकळ्येकर डॉक्टर.
ते चष्मा कपाळावर सरकवतात
आणि बहुतेकदा म्हणतात,
"दोघींनी पुन्हा वाचा."

एकशे चाळीस शीर्षकांतून उरले अकरा.
गाळलेल्या प्रत्येकापुढे कारण लिहायचं.
आवडलं नाही, हे कारण नव्हे.
एकापुढे मी लिहिलं: कुठे शोधलं ते सांगत नाहीत.
आयुष्यात काही माणसांपुढे
हेच लिहायचं राहून गेलं.

अकरातले सात म्हणतात, गुण येतो.
तीन म्हणतात, सांगता येत नाही.
एक म्हणतो, येत नाही.
सात विरुद्ध चार.
पण ही पंचायतीची निवडणूक नाही.

मोठा कागद पसरला.
आडव्या ओळींत अभ्यास, उभ्या रकान्यांत आढावे,
जिथे भेट होईल तिथे फुली.
तिसऱ्या ओळीवर पेन चालतच राहिलं.
फुली, फुली, फुली, रिकामं, फुली, फुली,
थोडं थांबून आणखी एक.

एकच अभ्यास.
कुठल्याशा थंड गावातला हिवाळा, बासष्ट माणसं.
सहा आढाव्यांत बासष्ट घसे सहा वेळा दुखले,
सहा वेळा बरे झाले,
बेरजेत तीनशे बहात्तर झाले
आणि त्यांना पत्ता नाही.
एखादीने तिसऱ्या दिवशी कंटाळून गुळण्या सोडल्या असतील
आणि वहीत "केल्या" लिहिलं असेल.
तिचं ते खोटंही सहा वेळा.

शनिवारी आगरवाड्याला गेले.
बाबुसोमामा मिठागरात लाकडी फळीने मीठ कडेला ओढत होता,
पोटऱ्यांपर्यंत पांढरा.
या कुंडीतलं मीठ आणि त्या कुंडीतलं, विचारलं,
वेगळं ओळखतोस?
"खाडी एकच गो. कुंड्यो खूब."
असं म्हणून तो पुन्हा ओढायला लागला.
मी तिथेच उभी, चपला हातात.

"मगीर कितें? गुण येता काय ना?"
येत नाही असं नाही मामा.
येतो का ते नीट माहीत नाही.
"म्हणजे एकच."
एक नाही. दोन वेगळी वाक्यं आहेत ती.
"म्हैनोभर हेंच केलें?"
हेच केलं. बासष्टांना बासष्टच धरलं.
तो हसला नाही. फळी टेकून म्हणाला,
गेल्या साली मुकादमाने एक रास दोनदा मोजली होती,
त्याच्या फायद्याची होती म्हणून
कोणी बोललं नाही.

रात्री घशात खवखव.
पाणी तापवलं, मामाने दिलेलं मीठ चिमूटभर टाकलं.
हे कुठेही नोंदवू नये.
पेला हातात असतानाच इव्होनचा मेसेज:
तिसरी ओळ बघितलीस?
याद्या अजून जुळवल्या नव्हत्या.
मी गुळणी संपवली, तोंड पुसलं,
आणि विचारलं,
आज बांगडे कसे होते?