किल्लीचा खिळा

मार्च संपता संपता कूलर गच्चीवरून खाली येतो,
टाकीत मागच्या वर्षीची माती,
आणि सुकल्या वाळ्याचा वास घेऊन.
त्याच आठवड्यात खोब्रागडे वायरमन येतात,
न बोलावता.

डांगर हुंगून घ्यावं
तसा प्लग नाकाशी धरतात.
"ताई, वास येऊन राहिला याले.
वायर आधी वास देते, मंग धूर.
आगीचा नंबर तिसरा हाये."

एका एक्स्टेंशन बोर्डात कूलर, फ्रिज, दोन मोबाइल,
ओला हात पुसून लावलेली इस्त्री.
"थोरली सून समजता काय बोर्डाले?
सगळ्यायचं तिच्यावरच?"
वायरीवरची चिकटपट्टी सोलून काढतात,
म्हणतात, "यानं वही जोडाव लागते."

मी हसले होते तेव्हा.
चहा दिला, शंभराची नोट दिली,
तांब्याची वायर पुढच्या महिन्यात बघू म्हटलं.
पुढचा महिना
आमच्याकडे बरीच वर्षं पुढचाच राहिला.

मग मे महिन्यातल्या एका रात्री,
इंदोऱ्यात भिंतीसुद्धा झोपत नाहीत अशा उकाड्यात,
समोरच्या गजभियेंच्या जिन्याखाली
चार्जिंगला लावलेली स्कूटर फुटली.
जिना नळकांड्यासारखा धूर ओढत होता वर.
माणसं खिडकीशी आली.
खिडकीला ग्रिल, ग्रिलला कुलूप,
आणि किल्ली जपून ठेवलेली.
कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत,
इतकी जपून.

बंब चौकातच अडला.
गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या, त्यातली एक आमची.
जवानांनी पाइप खांद्यावर घेऊन ओढत आणला
आणि पोरांनी तोवर सब्बलीनं ग्रिल उचकटली.
चौघंही निघाली.
सकाळी मी त्यांच्या दारात उभी होते.
स्विचबोर्ड भिंतीवरून
जीभ बाहेर काढल्यासारखा लोंबत होता.
कुणीच काही बोलत नव्हतं.
गजभियेबाई तेवढ्या सारख्या विचारत होत्या,
शालूला काही झालं का.

त्या दुपारी मी फोन केला.
खोब्रागडे आले, "सांगतलं होतं" असं म्हणाले नाहीत.
कूलरला वेगळी लाइन, जाड वायर, अर्थिंग.
पैशांसाठी सोन्याची एक बाळी मोडली,
दुसरी डबीत आहे, एकटी.

आता एमसीबी पडला
की मी "मेला परत पडला" म्हणत नाही.
घरात कुणीतरी जागं आहे, एवढंच वाटतं.
रात्री रेग्युलेटरवर हात ठेवते,
कॉइल पलंगाखालून काढून फरशीच्या मधोमध.
तथागतांपुढची मेणबत्ती स्टीलच्या ताटलीत,
ताटलीत बोटभर पाणी, पडद्यापासून हात दीड हात.
वंदना झाली की विझवते.
सासूबाईंना आवडत नाही.
पण विझण्याबद्दल त्यांनी काही वाईट सांगितल्याचं
मला तरी आठवत नाही.

आणि खिळा.
ग्रिलच्या बाजूला, खाली,
संबोधीच्या खांद्याइतक्या उंचीवर.
आठ वर्षांची आहे.
दर रविवारी दिवे घालवून आम्ही खेळतो:
गुडघ्यांवर ये, डोकं खाली, धूर वर असतो,
भिंत डाव्या हाताला.
पहिल्यांदा ती पाण्याच्या ड्रमला धडकली
आणि पोट धरून हसली.
मी हसले नाही,
पुन्हा कर म्हटलं, मग वाईट वाटलं.

परवा रात्री लाइट गेली.
कूलर थांबला, आणि त्याची घरघर संपल्यावर
घर एकदम मोठं झालं.
अंधारात काहीतरी सरकलं. खणकलं.
"कोण?"
"मीच. आहे किल्ली."
आणि ती येऊन माझ्या पाठीला पाठ लावून झोपली.

खिळ्यावर किल्ली
थोडा वेळ हलत असावी.
मी ऐकत होते.