सतरा मिनिटं मागे

दिवसा मी पुण्याच्या एका कंपनीसाठी
पावत्यांचं सॉफ्टवेअर लिहिते.
जीएसटी, राउंड ऑफ, पीडीएफ.
रात्री साडेदहाला मागांचा खडखडाट थांबला
की शेडमधल्या फळीपाशी माझा दुसरा धंदा उघडतो.
धंदा म्हणजे, नफा शून्य.

भावाने टाकून दिलेला कॉम्प्युटर,
पोटात टॉवेलचा कापूस.
दर रविवारी पंखा उघडून चिमट्याने काढते.
त्याच्यावर एक छोटी वस्ती चालते, सत्तावीस माणसांची:
नऊ आमच्याच गल्लीतली, दोन करीमनगरची,
आणि बाहेरून आमचं वाचणारी
कुठल्याशा बेटावरची एक बाई,
जी फक्त ढगांचे फोटो टाकते.

अम्मा विड्या वळता वळता विचारते,
"काय करलालीस गं रातभर?"
सांगते: तू फोनवर जिथं जातेस ना, ते एका मालकाचं.
त्याच्या मनात आलं की दार बंद.
इथं ज्याचं त्याचं घर,
आणि घराघरांत चिठ्ठ्यांची ये-जा.
"चिठ्ठ्या नेतंय कोण?"
घरंच एकमेकांना देतात.
"आणि त्यांना पगार?"
इथं माझं उत्तर दरवेळी संपतं.
ती पंचवीसचा कट्टा बांधते, दोरा दातानं तोडते.

लोक म्हणतील, विणकराची पोर, जाळं विणते.
मला ती उपमा नको.
नायनांना उजव्या कानानं ऐकू येत नाही.
विणण्याचं मला ठाऊक असलेलं हे पहिलं मोजमाप.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वीज सहा तास गेली.
आली तेव्हा सगळं सुरू झालं,
फक्त आमच्या चिठ्ठ्या बाहेर कोणी घेईना.
जवळजवळ प्रत्येक दार म्हणे: सही जुळत नाही.
चार रात्री मी सहीच तपासली.
किल्ली बदलली, पुन्हा जुनी लावली,
माझ्याच तीन वर्षांपूर्वीच्या कोडला
तेलुगूत शिव्या दिल्या.
ढगवालीनं विचारलं, तुमच्याकडे सगळं ठीक ना?
प्रश्न पोचला. उत्तर जाईना.

चौथ्या रात्री नळाला पाणी येणार म्हणून
नायना तीनला उठले.
हातात पाइप, शेडमध्ये डोकावले,
स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले,
"तुझं घड्याळ मागं आहे की."

सतरा मिनिटं.
आतला सेल मरत आलेला.
बाहेरून वेळ मागून घेणारी एक ओळ असते,
ती मीच कधीतरी बंद केलेली,
कुणाकडे काही मागायचं नाही या तोऱ्यात.
आणि शिळ्या चिठ्ठीवरची खरी सही
कोण खरी मानतं?

नायना म्हणाले, मिलचा भोंगा होता तेव्हा
घरात घड्याळ नसलं तरी कोणाला उशीर होत नसे.
"भोंगा मालकाचा होता," मी म्हटलं.
"वेळ त्याची नव्हती,"
एवढं बोलून पिंप भरलं का बघायला गेले.

सकाळी नवी पेठेत, खैरुद्दीनभाईंच्या टपरीवर,
पस्तीस रुपयांचा सेल.
भिंतीवर अकरा घड्याळं, अकरा वेळा.
यातलं बरोबर कुठलं?
"जो गिऱ्हाइक कू पटे वो."

घरी येऊन सेल बसवला. ती ओळ सुरू केली.
अडकलेल्या एकेचाळीस चिठ्ठ्या
एकामागून एक निघाल्या,
पहाटपाळीला निघाल्यासारख्या,
कोणी डबा हलवत, कोणी डोळे चोळत.
त्यात शेजारच्या अनसूया गुंडेटींची चार दिवसांपूर्वीची:
पाणी तीनला येणार, जागे राहा.
ती बेटापर्यंत गेली.

तासाभरात ढगवालीचा प्रश्न:
तीन म्हणजे कुणाचे तीन?

मी टाइमझोनचं काहीतरी लिहायला घेतलं.
अम्मानं वळत्या विडीवरून मान न उचलता सांगितलं,
"लिही तिला. नळाचे."